वणव्याचा दिवस कसा ओळखायचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात उघड्या गवताळ मैदानांवरच्या वणव्यांबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहून गेलो होतो, की धोका समजून घ्यायचा असेल तर थर्मामीटरकडे कमी बघा आणि वाऱ्याकडे, हवेतल्या कोरडेपणाकडे जास्त बघा. त्या एका वाक्यावर भरपूर पत्रं आली, मेल आले. काहींनी शंका विचारल्या, काहींनी सरळ लिहिलं की हे पटत नाही. म्हटलं यावेळी सदर त्याच विषयाला देऊया, कारण गवताची आग ही बघता बघता हाताबाहेर जाणारी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दलचे गैरसमज जिवावर बेततात. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : उन्हाळ्यात वणवे लागतात हे समजतं. पण कडाक्याच्या थंडीत, अंगात स्वेटर असताना मैदान पेटतं हे कसं काय? मुळात ऊन नाही तर आग कुठून येणार?

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकूया, की उन्हाने गवत पेटतं. उन्हाने पेटत नाही हो, ठिणगीने पेटतं. सुकं गवत धरायला तीनेकशे अंशांच्या आसपास तापावं लागतं, तिथे बाहेर हवा दहा अंश आहे की चाळीस याने फरक पडतो पण थोडाच. जास्त फरक पडतो तो त्या काडीत पाणी किती आहे याने. कारण आगीला आधी ते पाणी उडवावं लागतं मगच काडी पेटते, आणि पाणी उडवणं भयंकर महागात पडतं, साध्या पाण्याला उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सहापटीहून जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते. म्हणजे गवतातलं पाणी हाच आगीचा ब्रेक. आणि हा ब्रेक कोण काढून घेतं, तर कोरडी हवा.

आता कोरडी हवा म्हणजे गरम हवाच असं नाही. हवामानाच्या बातम्यांत ह्युमिडिटी सांगतात ना, सापेक्ष आर्द्रता, ती म्हणजे हवेत या घडीला जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते त्याच्या किती टक्के वाफ खरोखर आहे. ही मावण्याची हद्द तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, दर दहा-अकरा अंशांना साधारण दुप्पट. उदाहरणच घ्या. पहाटे ५ अंश आणि ह्युमिडिटी ८० टक्के, म्हणजे दव पडलेलं, हाताला ओलसर लागणारी हवा. हीच हवा, एक थेंबही वाफ कमी न होता, दुपारी २५ अंशांवर गेली की ह्युमिडिटी येते थेट २२ टक्क्यांवर. पाणी तेवढंच आहे पण हवा तहानलेली झाली, आणि ती तहान भागवायला ती गवताकडून, जमिनीकडून, तुमच्या ओठांकडून पाणी ओढते. थंडीत ओठ फुटतात, हाताची कातडी पांढरी पडते, कपडे काढताना चटचट आवाज होतो, हे सगळं त्याचंच.

आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मैदानांवर तर अजून एक भानगड असते. डोंगरावरून हवा खाली घसरते तेव्हा दाबली जाऊन तापते, दर किलोमीटरला जवळपास १० अंश. तापली की ह्युमिडिटी कोसळते, आणि घसरत येत असल्यामुळे वेगही प्रचंड असतो. म्हणजे कोरडेपणा आणि वारा दोन्ही एकाच पार्सलमध्ये. अमेरिकेत कोलोराडोच्या बोल्डर काउंटीत ३० डिसेंबर २०२१ ला नेमकं हेच झालं. ऐन हिवाळा. त्या वर्षी वसंतात पाऊस चांगला झाला होता, गवत वाढलं होतं, मग जुलैपासून पुढे पाऊसही नाही आणि बर्फही जवळपास नाही. त्यात रॉकी पर्वतावरून उतरणारा वारा, त्याचे झोत काही ठिकाणी ताशी १६० किलोमीटरच्या वर मोजले गेले. सकाळी अकराच्या सुमाराला आग लागली आणि त्याच दिवसात हजाराहून जास्त घरं गेली. मार्शल फायर म्हणतात तिला. आणि दुसऱ्या दिवशी तिथे दणकून बर्फ पडला. एक दिवस आधी पडला असता तर? हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : गवत एकदा वाळलं की वाळलं. मेलेल्या गवताला हवा कोरडी काय नि दमट काय, काय फरक पडतो?

हा प्रश्न चार जणांनी विचारलाय आणि मला हा सगळ्यात आवडला, कारण याचं उत्तर तुम्ही स्वतः हातात धरून बघू शकता. मागच्या वर्षीच्या वाळक्या गवताची एक काडी घ्या, पहाटे घ्या. बोटांत धरून वाकवा. ती वाकते, दुमडते, मोडत नाही, हाताला जरा चिवट, थंडगार लागते. आता त्याच ठिकाणची तसलीच काडी दुपारी दोन-तीनला घ्या आणि वाकवा. कट्‌कन तुटेल, आणि मुठीत चुरगाळली तर तिचा भुगा होईल. काडी दोन्ही वेळेला मेलेलीच होती. मधल्या आठ-नऊ तासांत तिच्यातलं पाणी गेलं.

मेलेली काडी ही स्पंजासारखी आहे. मुळांकडून तिला काही मिळत नाही, त्यामुळे ती हवेच्या मर्जीवर असते, हवा दमट झाली की पाणी शोषून घेणार आणि कोरडी झाली की देऊन टाकणार. ह्युमिडिटी ८० टक्के असेल तर तिच्या कोरड्या वजनाच्या साधारण पंधरा-सोळा टक्के पाणी तिच्यात असतं. ह्युमिडिटी १० टक्क्यांवर आली की तेच तीनेक टक्क्यांवर येतं. सुक्या गवतात साधारण वीस टक्क्यांच्या वर पाणी असेल तर आग पुढे सरकायला कुरकुर करते, धुमसते, विझते. तीन टक्क्यांना एखादी ठिणगी पडायचा अवकाश.

आणि वेग बघा किती. वणव्याचा अभ्यास करणारे जळणाची विभागणी ते किती वेळात हवेशी जुळवून घेतं त्यावर करतात. गवत, बारीक काटक्या, म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचं सगळं, हे ‘एक तासाचं’ जळण. मनगटाएवढ्या फांद्यांना दिवस लागतात, जाड ओंडक्याला महिना-दीड महिना. म्हणून जंगलाचा धोका हळूहळू चढतो, आठवड्यांनी, आणि तो कळतो तरी. मैदानाचा धोका सकाळी नसतो आणि दुपारी असतो. परवा पाऊस झाला म्हणून आज निर्धास्त राहणारे लोक असतात त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की ओंडक्यासाठी परवाचा पाऊस हा कालचा आहे, पण गवतासाठी तो इतिहासजमा झालाय. कोरडा वारा सुटला असेल तर सकाळी पडलेल्या सरीचाही दुपारी भरवसा नाही.

आग विझवणाऱ्यांच्या टीमकडे एक साधं उपकरण असतं. दोन थर्मामीटर एका पट्टीवर, एकाच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि ते दोरीने गरगर फिरवायचं. ओल्या फडक्यातलं पाणी उडतं तसा तो थर्मामीटर गार होतो, आणि दोघांतलं अंतर जितकं जास्त तितकी हवा कोरडी. तासातासाला हे करतात आणि वायरलेसवर आकडा सांगतात. आकडा घसरायला लागला की सगळे मान वर करून बघतात, कारण पुढच्या तासात गवत कसं वागणार हे त्यात दिसतं.

प्रश्न : फुंकर मारली की मेणबत्ती विझते. मग जोराच्या वाऱ्याने वणवा विझायच्या ऐवजी का वाढतो?

कारण मेणबत्तीच्या ज्योतीला वातीपासून तोडलं की खेळ संपतो, ज्योत एवढीशी असते आणि तिच्यामागे धग नसते. वणव्यात फुंकर ज्योतीला जळणापासून तोडत नाही, उलट पुढच्या जळणावर नेऊन घालते. वारा नसताना ज्वाळा सरळ उभ्या असतात, धग वर आकाशात जाते, पुढच्या गवताला थोडीशीच मिळते आणि आग रांगत राहते. वारा सुटला की ज्वाळा आडव्या होतात, पुढच्या न जळलेल्या गवतावर अक्षरशः लोळण घेतात, ते गवत पेटायच्या आधीच भाजून कोरडंठाक होतं आणि मग एकदम भडका. वर ताज्या हवेचा पुरवठा सतत चालू आणि जळते तुकडे पुढे उडून पडतात ते वेगळंच.

किती वेगाने पळते? याचा एक ढोबळ हिशोब ऑस्ट्रेलियातल्या मोठमोठ्या गवताच्या आगींच्या नोंदी बघून काढला गेलाय, गवत पूर्ण वाळलेलं आणि हवा कोरडी असेल तर आगीचा वेग हा वाऱ्याच्या वेगाच्या साधारण २० टक्के. जंगलासाठी असाच ढोबळ नियम १० टक्क्यांचा आहे. म्हणजे ताशी ५० किलोमीटर वारा असेल तर मैदानातली आग ताशी १० किलोमीटर. ऐकायला कमी वाटतं, मला माहितीये, सकाळी जॉगिंग करणारा माणूस एवढं पळतो. पण तो चांगल्या रस्त्यावर पळतो, बुटात, स्वच्छ हवेत. तुम्ही गुडघाभर गवतातून, खड्ड्यांतून, डोळ्यात धूर जात असताना, बरोबर एखादं पोर किंवा म्हातारं माणूस घेऊन दोन-तीन किलोमीटर त्या स्पीडने पळून दाखवा. आणि हा सरासरी वेग झाला, झोत आला की आग काही क्षण त्याहून कितीतरी जोरात झेपावते.

प्रश्न : पण जंगलात एवढं लाकूड असतं, मैदानात नुसतं गवत. मग मैदान जास्त सेफ नाही का?

जळण कमी आहे हे खरंय. गवताची ज्वाळा एका जागी दहा-पंधरा सेकंद टिकते आणि पुढे जाते, मागे काळी जमीन उरते. पण जे आहे ते सलग अंथरलेलं आहे, सगळं बारीक, सगळं एकाच वेळी वाळलेलं. जंगलात झाडं वाऱ्याला अडवतात, आत शिरेपर्यंत वारा निम्म्याहून कमी झालेला असतो, सावलीत ओल टिकते, ओढे-नाले आडवे येतात. मैदानात वाऱ्याला कोणी विचारणारं नाही, वर जेवढा तेवढाच जवळपास खाली. उन्हालाही अडवणारं कोणी नाही. त्यामुळे जंगलाची आग जास्त तापदायक आणि हट्टी, गवताची आग जास्त चपळ, आणि माणसं चपळाईनेच मरतात. माझं स्पष्ट मत आहे की "नुसतं गवत तर आहे" या चार शब्दांनी जेवढे बळी घेतलेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने घेतले असतील.

प्रश्न : आग ज्या दिशेला चाललीये तिच्या बाजूला, म्हणजे कडेला उभं राहिलं तर धोका नाही ना? आग तर पुढे जाणार.

या प्रश्नासाठी खरं तर अख्खं सदर द्यायला हवं. मोठ्या जीवितहानीच्या कितीतरी घटनांत मारेकरी ठरलेली बाजू हीच, जी दुपारभर शांत होती.

आधी आगीचा आकार डोळ्यासमोर आणा. वारा एका दिशेने जोरात वाहतोय, सपाट मैदान आहे, एका ठिकाणी ठिणगी पडली. आग गोल पसरत नाही, ती लांबट होते, सिगारसारखी, आणि वारा जितका जोराचा तितकी बारीक आणि लांब. पुढचं टोक म्हणजे डोकं, तिथे ज्वाळा उंच, वेग जास्त. दोन्ही लांब कडा म्हणजे कुशी, तिथे आग वाऱ्याला समांतर असते म्हणून ज्वाळा बुटक्या, सरकते हळू, अगदी झोडपून विझवता येईल अशी. सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे. लोक, गाड्या, बघे कुशीच्या बाजूला थांबतात कारण तिथे निवांत वाटतं.

आता हिशोब करा. वारा ५०, आग १०, तीन तास झाले. आग ३० किलोमीटर लांब झाली आणि डोकं असेल दोन-तीन किलोमीटर रुंद. आणि वारा फिरला. डावीकडून उजवीकडे वाहणारा वारा वरून खाली वाहायला लागला म्हणा. ज्या क्षणी तो फिरला त्या क्षणी ३० किलोमीटरची ती झोपलेली कूस डोकं झाली. काही मिनिटांत, एकदम, सगळीच्या सगळी. आधी दोन-तीन किलोमीटरचं तोंड होतं ते आता तीस किलोमीटरचं झालं आणि त्याच्यासमोर ती सगळी माणसं आहेत जी सुरक्षित जागा म्हणून तिथे येऊन थांबली होती.

आणि वारा असा फिरतो कशाने, तर बहुतेक वेळा थंड हवेची आघाडी येते तेव्हा, ज्याला कोल्ड फ्रंट म्हणतात. वाईट गोष्ट ही आहे की सगळ्यात धोक्याचा, गरम, कोरडा, जोराचा वारा हा त्या आघाडीच्या पुढेच वाहतो. म्हणजे ज्या सिस्टीममुळे आग भडकते तीच सिस्टीम संध्याकाळी येऊन वारा फिरवते. हा योगायोग नाहीये, हे एकाच पाकिटात येतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला, ब्लॅक सॅटर्डेला, मेलबर्नला पारा ४६.४ अंशांवर होता, दिवसभर उत्तर-वायव्येचा भाजणारा वारा, आणि संध्याकाळी नैऋत्येकडून बदल आला. थंड वारा आला म्हणजे सुटका व्हायला हवी असं वाटतं ना? त्या थंड वाऱ्याने लांब कुशी पेटवल्या. त्या दिवसाच्या आगींत १७३ माणसं गेली. त्यातली बरीच आग जंगलातली होती पण वाऱ्याचं गणित तेच.

मैदानावरचं उदाहरण हवं असेल तर टेक्सासच्या उत्तर टोकाचं, ज्याला पॅनहँडल म्हणतात. २६ फेब्रुवारी २०२४ ला तिथे आग लागली, स्मोकहाउस क्रीक फायर. पश्चिमेकडच्या सुसाट कोरड्या वाऱ्याने ती पूर्वेला पळत ओक्लाहोमाच्या हद्दीपर्यंत गेली, लांबच लांब पट्टा जळाला. २७ तारखेला कोल्ड फ्रंट आला, वारा उत्तरेचा झाला आणि त्या सगळ्या लांब पट्ट्याची दक्षिणेकडची कड पेटून खाली सरकली. शेवटी १० लाख एकरांच्या वर जमीन जळाली, टेक्सासच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग, दोन माणसं गेली, हजारो गुरं गेली. तिथल्या गुरांचं काय झालं ते मी वाचलं, इथे लिहीत नाही. दिवस मात्र लक्षात ठेवा, फेब्रुवारी. त्या भागातल्या मोठ्या आगींचा सीझन हाच असतो, हिवाळ्याचा शेवट ते वसंताची सुरुवात, कारण जुनं गवत मेलेलं असतं आणि नवं अजून उगवलेलं नसतं.

चांगली गोष्ट एवढीच की वारा फिरणार हे आता बऱ्यापैकी आधी सांगता येतं, कधी कधी तासाच्या अंदाजाने. म्हणून अंदाज वाचताना नुसता वेग वाचून पुढे जाऊ नका, "दिशा बदलणार" असं कुठे लिहिलंय का आणि किती वाजता, हे शोधा. आणि आग दूरवर दिसत असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा, आत्ता वारा नव्वद अंशांत फिरला तर मी कुठे असेन?

प्रश्न : यंदा पाऊस भरपूर झाला. म्हणजे वणव्याचं टेन्शन कमी, बरोबर?

जोपर्यंत हिरवं आहे तोपर्यंत बरोबर. नंतर उलटं. भरपूर पाऊस म्हणजे भरपूर गवत, दाट, उंच, मधे मोकळी जागा नसलेलं, आणि वाळलं की ते सगळं जळण. रखरखीत दुष्काळात उलट गवतच इतकं विरळ असतं की आग एका झुडपाकडून दुसऱ्याकडे पोचत नाही. मैदानासाठी धोक्याचं वर्ष म्हणजे आधी ओलं मग कोरडं असं. ऑस्ट्रेलियात ॲलन मॅकआर्थर नावाच्या शास्त्रज्ञाने गवताच्या आगीचा धोका काढायची फिरती चकती बनवली होती, तीत तापमान, ह्युमिडिटी, वारा यांच्याबरोबर एक आकडा मागायचे तो म्हणजे गवत किती टक्के वाळलंय. निम्म्याहून जास्त हिरवं असेल तर आग फारशी पसरत नाही, पूर्ण वाळलं की लगाम सुटला.

प्रश्न : रात्री आग शांत होते असं ऐकलंय.

बहुतेक वेळा होते. हवा गार होते, ह्युमिडिटी चढते, काडी परत चिवट होते, वारा पडतो. पण ज्या रात्री वारा पडत नाही त्या रात्री वरची कोरडी हवा खाली घुसळत राहते, दव पडतच नाही, आणि ह्युमिडिटी रात्रभर खालीच राहते. अशा रात्री आग दुपारसारखीच पळते आणि लोक झोपलेले असतात. त्यामुळे "रात्री बघू" असं ठरवायच्या आधी रात्रीच्या वाऱ्याचा अंदाज बघा.

प्रश्न : मग सामान्य माणसाने नेमकं बघायचं काय? आणि सापडलोच तर करायचं काय?

बघायचं ते हे. दुपारची सगळ्यात कमी ह्युमिडिटी किती होणार, वारा किती आणि झोत किती, दिशा कधी बदलणार, आणि आजूबाजूचं गवत वाळलंय का. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान संस्था असे दिवस आले की रेड फ्लॅग वॉर्निंग काढते, कुठे किती आकड्याला काढायची ते भागाप्रमाणे वेगळं असतं, पण गाभा हाच, कोरडेपणा आणि वारा एकत्र. एकटी कोरडी हवा असली तर आग पेटेल पण रांगेल, एकटा वारा असला आणि गवत दमट असलं तर ठिणगी मरून जाईल. दोघं एका दुपारी भेटले की मग ठिणगी कुठून आली याला काही अर्थ राहत नाही.

अशा दिवशी कचरा पेटवायचा नाही, ग्राइंडर, वेल्डिंग बाहेर चालवायचं नाही, गवत कापायचं मशीन चालवायचं नाही कारण पातं दगडाला घासलं की ठिणगी उडते, गाडी उंच वाळक्या गवतात उभी करायची नाही कारण खालचा सायलेन्सर तापलेला असतो, आणि गाडीमागे साखळी लोंबत असेल तर ती रस्त्यावर घासत ठिणग्या पेरत जाते. यातलं काहीच मोठं नाही. एरवीच्या दिवशी यातल्या कशानेही काही होत नाही म्हणूनच तर माणूस गाफील राहतो. घराभोवतीचं गवत मात्र सीझनच्या आधीच, हिरवट असतानाच कापून ठेवा, वॉर्निंग आल्यावर नाही.

सापडलात तर, पहिली गोष्ट म्हणजे सापडूच नका, निघायला सांगितलं की निघा, सांगायच्या आधी निघालात तर उत्तम. आणि तरीही सापडलात तर आगीच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेने पळायची शर्यत लावू नका, ती हरायचीच शर्यत आहे, आणि चढावर तर अजिबातच नाही कारण आग चढावर जास्त जोरात पळते. जमलं तर आडवं, कडेकडे जा आणि आधीच जळून काळी झालेली जमीन गाठा. गवताच्या आगीत ही एक मोठी कृपा आहे, की जिथून ती गेली तिथे परत जाळायला काही उरत नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ५ ऑगस्ट १९४९ ला मॅन गल्च नावाच्या घळीत विमानातून उतरलेली आग विझवणारी टीम गवताच्या चढावर आगीच्या पुढे सापडली. त्यांचा म्होरक्या वॅग्नर डॉज, त्याने पळता पळता थांबून काडी ओढली आणि आपल्या समोरचं गवत स्वतःच पेटवलं, ते जळून गेल्यावर त्या गरम राखेत पालथा पडला आणि बाकीच्यांना हाका मारल्या. कोणी आलं नाही, त्या घाईत काडी ओढणारा म्होरक्या कोणाला समजणार? आग त्याच्या अंगावरून दोन्ही बाजूंनी गेली आणि तो वाचला. १३ जण गेले. ही युक्ती करून बघा असं मी बिलकुल सांगत नाहीये, पण ‘काळ्यात जा’ ही गोष्ट एवढी खोलवर का शिकवली जाते हे यावरून कळेल.

प्रश्न : आग विझल्यावर किती वेळ लक्ष ठेवावं? गवत तर पाच मिनिटांत राख होतं.

गवत होतं, पण मैदानात नुसतं गवत नसतं. कुंपणाचा लाकडी खांब असतो, झुडपाचं बुंधं असतं, आणि सगळ्यात फसवं म्हणजे वाळलेलं शेण. त्याला ज्वाळा नसते, धूरही जेमतेम, वरून राखाडी दिसतं आणि आत निखारा दिवस-दिवस जिवंत असतो. वारा पडलेला असतो तोवर काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्युमिडिटी परत खाली येते, वारा सुटतो, आणि त्या निखाऱ्याचा एक तुकडा घरंगळत जळलेल्या भागाच्या बाहेर, सुक्या गवतात जातो. म्हणून निदान पुढचा कोरडा वाऱ्याचा दिवस पार पडेपर्यंत कड सोडायची नाही. अनुभवी लोक कडेकडेने चालतात आणि धूर दिसत नाही म्हणून पुढे जात नाहीत, प्रत्येक खांबाशी, प्रत्येक गोवरीएवढ्या ढेकळाशी वाकतात, हातमोजा काढून हाताची मागची बाजू त्याच्या जवळ नेतात, चिकटवत नाहीत, नुसती जवळ, कारण तळव्यापेक्षा तिथली कातडी पातळ असते आणि धग लवकर कळते. धग लागली की फोडायचं, पाणी ओतायचं, ढवळायचं, आणि परत हात जवळ नेऊन बघायचं.